धनुष्याची पेटी आणि प्रवासात टिकणारा नेम

धनुष्य एका गावाहून दुसऱ्या गावी सुरक्षित नेण्यासाठी जी टणक कवचाची पेटी वापरली जाते, तिला मैदानावरचे तिरंदाज नुसते ‘केस’ म्हणतात. पॉलिप्रोपिलीन किंवा एबीएस या प्लास्टिकचे, ॲल्युमिनियमचे अथवा प्लायवूडचे न वाकणारे कवच, आत फोमचे अस्तर, बिजागऱ्यांवर फिरणारे झाकण आणि ते आवळून धरणाऱ्या कड्या, एवढीच तिची रचना असते. धनुष्य मोडू नये म्हणून ही पेटी घ्यायची, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चूक नसला तरी अपुरा आहे. प्रवासात धनुष्य मोडण्याचे प्रसंग तुलनेने थोडे असतात. त्याहून अधिक वेळा असे घडते, की पेटीतून बाहेर काढलेले धनुष्य धडधाकट दिसते, पण घरच्या मैदानावर महिनोन्‌महिने खपून बसवलेली त्याची जुळणी हललेली असते आणि ते पहिल्या फेरीचे बाण पडेपर्यंत कळत नाही.

ही जुळणी किती नाजूक असते, हे साध्या गणिताने समजते. कंपाउंड धनुष्य म्हणजे ज्याच्या टोकांना कॅम नावाची विशिष्ट आकाराची चाके असतात आणि दोरी व केबल त्यांच्यावरून फिरत असल्याने पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार कमी होतो, असे धनुष्य. त्याच्या स्पर्धेत लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ४ सेंटिमीटर असते. तिरंदाजाच्या डोळ्यापासून साइट, म्हणजे नेम धरण्याची खूण, साधारण ९० सेंटिमीटर पुढे असते. ही साइट तिच्या पट्टीवर एका मिलिमीटरने सरकली, तर ५० मीटरवर बाण साडेपाच सेंटिमीटरने सरकतो, म्हणजे अगदी मध्यावर लागणारा बाण दहाच्या वर्तुळाबाहेर जातो. ऑलिम्पिकमध्ये रूढ असलेल्या रिकर्व्ह धनुष्याचे, म्हणजे टोके पुढच्या दिशेने वळलेल्या व कॅम नसलेल्या धनुष्याचे, अंतर ७० मीटर आहे. तिथे तोच एक मिलिमीटर लक्ष्यावर जवळजवळ आठ सेंटिमीटर होतो आणि दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ६.१ सेंटिमीटर आहे. एसटीच्या डिकीत बॅग सरकल्याने साइटच्या दांड्यावर पडलेला दाब एक मिलिमीटरचा फरक सहज करू शकतो. म्हणून पेटीची पारख करताना, आतले धनुष्य शाबूत राहते का, याबरोबरच ते जसे ठेवले तसेच निघते का, हा प्रश्न विचारला पाहिजे आणि पुढील सर्व विवेचन याच प्रश्नाभोवती आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न आज पुस्तकी राहिलेला नाही. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेते ठरले आणि ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण नोंदवले; त्याच वर्षी बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत सुवर्ण मिळवले. त्याआधी साताऱ्याच्या सरडे गावातील मजूर कुटुंबातला प्रवीण जाधव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार होऊन टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला होता. शालेय स्पर्धांमध्ये तिरंदाजीचा समावेश असल्याने लहान जिल्ह्यांतली मुलेमुलीही धनुष्य घेऊन जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढतात. हिंगोलीसारख्या, १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यातील खेळाडूच्या दृष्टीने अमरावती, नागपूर, पुणे, सातारा ही तिरंदाजीची केंद्रे दूरची आहेत. स्पर्धेला जायचे म्हणजे सेनगाव किंवा कळमनुरीहून एसटीने हिंगोली गाठायची, पूर्णा-अकोला मार्गावरची रेल्वे धरायची, मध्ये कुठेतरी गाडी बदलायची आणि शेवटचा टप्पा रिक्षाने काटायचा. या प्रवासात पेटी अनेकदा उचलली-ठेवली जाते आणि प्रत्येक टप्प्यावर तिला वेगळ्या प्रकारचा त्रास होतो. मोठ्या शहरातल्या, स्वतःच्या मोटारीतून मैदानावर जाणाऱ्या खेळाडूला मऊ कापडी गवसणी पुरते; लांबच्या गावच्या खेळाडूला, ज्याच्या खिशाला महागडी पेटी कमी परवडते, नेमकी तिचीच गरज अधिक असते, ही या खेळातली एक खरी विषमता आहे.

शस्त्र जपून ठेवण्याची चिंता मात्र फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना, आयुधांची जागा वेळोवेळी बदलावी, त्यांना ऊन दाखवावे आणि उष्णता, ओल व कीड यांनी बिघडणारी आयुधे वेगळ्या रीतीने ठेवावीत, असा निर्देश आहे. आणि त्याच प्रकरणात ताड, बांबू, लाकूड व शिंग यांपासून बनणाऱ्या धनुष्यांची नोंद आहे. पुढे मध्ययुगात मध्य आशियाच्या परंपरेतली संयुक्त धनुष्ये, म्हणजे लाकूड, शिंग आणि स्नायुतंतू प्राणिज सरसाने चिकटवून केलेली धनुष्ये, भारतातही वापरली गेली, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत सरस सुटत असल्याने ती कोठारात टिकवणे अवघड जाई. सबंध पोलादाची धनुष्ये भारतात बनू लागली, त्यामागे हे एक मोठे कारण होते: ती संयुक्त धनुष्याइतकी चपळ नव्हती, पण वर्षानुवर्षे ठेवून दिली तरी कामाला येत. आजच्या धनुष्यात सरसाऐवजी इपॉक्सी आले आहे आणि शिंगाऐवजी कार्बन व काचतंतू. तरी अर्थशास्त्राने नोंदवलेल्या तीन शत्रूंपैकी उष्णता आणि ओल हे दोन अजून तितकेच जागे आहेत.

पेटीचा आकार धनुष्याच्या प्रकारावर ठरतो. रिकर्व्ह धनुष्य सुटे होते: मधला धातूचा दांडा, ज्याला रायझर म्हणतात, बहुधा २५ इंच म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट सेंटिमीटरचा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना बसणाऱ्या लवचीक पट्ट्या, म्हणजे लिंब, काढून ठेवता येतात. दोरी उतरवलेली असल्याने प्रवासात कुठल्याच भागावर ताण नसतो आणि सगळे साहित्य मध्यम आकाराच्या, चाके असलेल्या पेटीत मावते. कंपाउंडचे तसे नाही. त्याची दोरी उतरवायला बो-प्रेस नावाचे दाबयंत्र लागते, म्हणून ते कायम चढवलेल्या, ताणलेल्या अवस्थेतच प्रवास करते. स्पर्धेच्या कंपाउंडची एका कॅमच्या आसापासून दुसऱ्यापर्यंतची लांबी ३८ ते ४० इंच, म्हणजे सुमारे एक मीटर भरते आणि कॅमचा घेर धरल्यास पेटीची लांबी ११० सेंटिमीटरच्या आसपास जाते. रेल्वेच्या नियमानुसार प्रवासी डब्यात १०० × ६० × २५ सेंटिमीटर बाह्य मापाची पेटी नेता येते आणि वातानुकूलित तीन-टियर व चेअर कारमध्ये ही मर्यादा ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटर इतकी कमी आहे. म्हणजे कंपाउंडची पेटी सामान्य डब्याची मर्यादाही थोडी ओलांडते. पेटी निवडताना हे माप आधी पाहिले पाहिजे, कारण खालच्या बर्थच्या तळाशी आडवी सरकणारी पेटी आणि दारापाशी उभी ठेवावी लागणारी पेटी यांच्या नशिबी येणारे धक्के फार वेगळे असतात.

क्रॉसबोची पेटी हा सर्वांत अवघड प्रकार आहे. बंदुकीसारख्या दांड्यावर आडवे बसवलेले, चाप ओढून सोडायचे असे हे धनुष्य असते आणि त्याच्या आखूड बाणाला बोल्ट म्हणतात. त्याचा नेमबाजीचा खेळ प्रामुख्याने युरोपात रुजला; १९५६ साली जर्मनीतील लँड्सहूट येथे त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १० व ३० मीटरवरच्या स्पर्धा तिच्या नियमांनुसार होतात, मात्र ऑलिम्पिकच्या तिरंदाजीत क्रॉसबो नाही आणि महाराष्ट्राच्या मैदानांवरही रिकर्व्ह, कंपाउंड आणि बांबूच्या धनुष्याने खेळली जाणारी इंडियन राउंड याच प्रकारांचे राज्य आहे. क्रॉसबो दोन दिशांना पसरलेला असतो: दांडा लांबीत आणि लिंब रुंदीत. त्यामुळे आयताकार पेटी घेतली तर तिचा बराच भाग रिकामा जातो आणि इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची घेतली तर ती रचून ठेवता येत नाही व तिच्या बगलेतल्या कोपऱ्यांवर इतर सामानाचा भार येतो. लिंब सुटे करता येणाऱ्या क्रॉसबोला ही अडचण नाही, पण ते पुन्हा जोडताना दोरीचा मध्य आणि रुळाचा मध्य अचूक जुळवावा लागतो. रूळ म्हणजे बोल्ट ज्या खाचेतून सरकतो ती पट्टी. दोरीचा मध्य एक मिलिमीटर डावीकडे राहिला, तर बोल्ट प्रत्येक वेळी एकाच बाजूला जातो आणि नेमबाज आपल्याच हातात दोष शोधत बसतो. म्हणून जाणकार दोरीवर रुळाच्या दोन्ही कडांशी बारीक शाईच्या खुणा करून ठेवतात आणि पेटीत लिंबांना अशी जागा कोरतात, की दोरीला कशाचाच स्पर्श होणार नाही. याहून महत्त्वाचा नियम असा, की क्रॉसबो ताणलेल्या अवस्थेत पेटीत कधीही ठेवू नये. त्याची ओढ दीडशे-दोनशे पौंडांची असू शकते आणि बोल्टवाचून दोरी सुटली तर ती सगळी शक्ती लिंबांतच मुरते व ते फुटतात. प्रवासाच्या आधी दोरी सुरक्षितपणे उतरवावी, बोल्टची टोके वेगळ्या डबीत ठेवावीत आणि दुर्बिणीसारखी साइट, म्हणजे स्कोप, कवचापासून सर्वाधिक दूर राहील अशी मांडणी करावी.

कवच पेटीचा बाहेरून दिसणारा भाग असल्याने खरेदीदाराचे लक्ष तिथेच जाते, पण संरक्षणाचे खरे काम आतला फोम करतो. पेटी ७५ सेंटिमीटरवरून, म्हणजे उभ्या माणसाच्या हातातून सुटावी तितक्या उंचीवरून पडली, तर फरशीवर आदळताना तिचा वेग सेकंदाला जवळजवळ चार मीटर असतो. हा वेग किती अंतरात शून्य होतो, यावर आतल्या वस्तूला बसणारा धक्का ठरतो. धनुष्य कवचाला थेट टेकलेले असेल आणि सगळी हालचाल दोन मिलिमीटरमध्ये थांबली, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या पावणेचारशे पट धक्का सोसावा लागतो. तीच हालचाल फोम दबत दबत २५ मिलिमीटरमध्ये थांबली, तर धक्का सरासरी तीसपटीवर येतो. प्रत्यक्षात फोम जसजसा दबतो तसतसा कठीण होत जातो, त्यामुळे कमाल धक्का या सरासरीहून अधिक असतो, आणि फोमची जाडी पूर्णपणे वापरात येत नाही. २५ मिलिमीटर दबण्यासाठी ढोबळमानाने ५० मिलिमीटरचा थर लागतो. बाजारातल्या स्वस्त पेट्यांमध्ये अंडी ठेवण्याच्या ट्रेसारखा उंचवट्यांचा पातळ फोम असतो. तो हाताला मऊ लागतो, ग्राहकाला आवडतो आणि पहिल्याच धक्क्यात तळापर्यंत दबून संपतो.

फोम फार मऊ असला तर तो तळ गाठतो आणि फार कठीण असला तर मुळीच दबत नाही. कुठला फोम योग्य, हे धनुष्याचे वजन किती क्षेत्रफळावर टेकले आहे, यावर अवलंबून असते. इथेच पेटी बनवण्यातली खरी कला आहे. रायझर हा धनुष्याचा सर्वांत जड आणि सर्वांत बळकट भाग. वजन त्याच्यावरच टेकले पाहिजे आणि त्याच्याच आकाराची खाच फोममध्ये कोरली पाहिजे. कॅम, दोरी, बाण टेकवण्याचा रेस्ट आणि साइट बसवायची खोबण यांच्याभोवती मात्र बोटभर मोकळी जागा हवी, म्हणजे धनुष्य हादरले तरी हे भाग कशालाही लागणार नाहीत. अनेक जण याच्या उलट करतात आणि नाजूक भागांभोवती फोमचे तुकडे कोंबतात. भोवती दाटून भरलेला फोम लांबच्या प्रवासभर त्या भागाला एकाच दिशेने रेटत राहतो, आणि सतत रेटलेला रेस्ट अखेर सरकतोच. लिंबांच्या टोकांना आधार द्यायचाच असेल तर तो दोन्ही बाजूंनी सारखा असावा.

धक्क्यापेक्षा कंपनाचा त्रास कमी दिसतो आणि जास्त फसवतो. खडबडीत रस्त्यावर एसटीचा पत्रा तासन्‌तास थरथरतो, आणि बारीक आट्यांचे स्क्रू अशा थरथरीने सैल होतात. साइट, रेस्ट आणि रिकर्व्हमधला प्लंजर, म्हणजे बाणाला बाजूने टेका देणारे स्प्रिंगचे बटण, हे सगळे अशाच स्क्रूंवर उभे असतात. त्यावर एक साधा आणि उत्तम उपाय आहे: स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर जाणारी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवायची, स्क्रू किंचित फिरला तरी रेघ तुटलेली दिसते आणि पेटी उघडल्याबरोबर एका नजरेत तपासणी होते.

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात सर्वांत गंभीर शत्रू मात्र ऊन आहे, आणि परदेशी पेट्यांच्या माहितीपत्रकांत त्याला फारशी जागा मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर राहतो. अशा दिवशी काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीतले तापमान तासाभरात ६० अंशांपलीकडे जाऊ शकते आणि उन्हात पडलेल्या काळ्या पेटीचा पृष्ठभाग त्याहूनही तापतो. उष्णतेने धनुष्यात होणारे बदल दोन प्रकारचे असतात: निवल्यावर परत जाणारे आणि कधीच परत न जाणारे. ॲल्युमिनियमचा ६० सेंटिमीटरचा रायझर ३० अंशांनी तापला तर तो सुमारे ०.४ मिलिमीटरने लांबतो, पण सावलीत निवल्यावर पूर्ववत होतो; हा पहिला प्रकार. दोरीचे तसे नाही. आजच्या दोऱ्या अतिशय लांब साखळीच्या पॉलिएथिलीनच्या तंतूंपासून बनतात. डायनीमा हे त्यांतले प्रसिद्ध नाव. हे तंतू वजनाच्या मानाने पोलादाहून बळकट असले तरी त्यांचा वितळबिंदू दीडशे अंशांच्या आतच आहे आणि ताणाखाली असताना तापले तर ते हळूहळू, कायमचे लांबतात. या क्रियेला क्रीप म्हणतात. कंपाउंडची दोरी पेटीतही ताणलेलीच असल्याने तिच्यावर हा परिणाम थेट होतो: केबल लांबली की कॅम किंचित वळतात, त्यांचा एकमेकांशी असलेला मेळ बिघडतो, ओढीची लांबी बदलते आणि दोरीत गुंफलेले पीप, म्हणजे ज्या छिद्रातून साइटकडे पाहायचे ते छिद्र, कलते. क्रीप रोखण्यासाठी काही दोऱ्यांत व्हेक्ट्रान या दुसऱ्या तंतूचे मिश्रण करतात. अशी दोरी उष्ण प्रदेशातल्या खेळाडूने घेणे शहाणपणाचे आहे. लिंबांमधले थर चिकटवणारे इपॉक्सीही सततच्या तापाने मऊ पडू शकते आणि एकदा सुटलेला थर पुन्हा चिकटत नाही.

फोम उष्णतेचा वाहक नसल्याने पेटी उन्हापासून आपोआप वाचवते, असे अनेकांना वाटते. ती वेळ वाढवून देते, एवढेच खरे आहे. बाहेरची उष्णता आत पोहोचायला तास-दोन तास अधिक लागतात, पण पेटी दिवसभर तापत राहिली तर आतले तापमान अखेर तिथेच जाते आणि मग तोच फोम आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे संध्याकाळी हवा निवल्यावरही धनुष्य तापलेलेच राहते. सरावानंतर उन्हात तापलेला रायझर लगेच फोममध्ये दाबून ठेवणे याच कारणासाठी घातक आहे. धनुष्य आधी झाडाखाली किंवा मंडपात निवू द्यावे, मगच पेटी मिटावी. पेटी फिक्या रंगाची घ्यावी, काळी असल्यास तिच्यावर पांढऱ्या जाड सुती कापडाची खोळ शिवून घ्यावी. आणि एसटीच्या टपावर किंवा मोटारीच्या मागच्या काचेखाली ती कधीही ठेवू नये. मराठवाड्यातल्या खेळाडूने पेटीवर खर्च करण्याआधी सावलीची सवय लावून घेतली, तर धनुष्याचे निम्मे आयुष्य तिथेच वाचते.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. तिरंदाजीच्या स्पर्धा पावसातही चालू राहतात, त्यामुळे ओले धनुष्य पेटीत जाण्याची वेळ येतेच. महागड्या पेट्यांच्या झाकणाच्या कडेला रबरी कडे बसवलेले असते आणि त्यांच्यावर ‘आयपी ६७’ अशी मोहर असते. त्यातला सहा हा आकडा धूळ मुळीच आत न जाण्याचा आणि सात हा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याचा निदर्शक आहे. पण जी पेटी बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही ती आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही, आणि ओले धनुष्य अशा पेटीत रात्रभर राहिले तर स्क्रूंना गंज चढतो. फोमचा प्रकार इथे महत्त्वाचा ठरतो. पॉलियुरेथेनचा मऊ फोम उघड्या छिद्रांचा असतो, तो पाणी शोषतो आणि दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन त्याचा भुगा पडतो. पॉलिएथिलीनचा फोम, जो फ्रीज-टीव्हीच्या खोक्यांत पांढऱ्या पट्ट्यांच्या रूपात सर्वांनी पाहिलेला असतो, बंद छिद्रांचा असल्याने पाणी धरत नाही. आपल्या हवामानात दुसराच घ्यावा. धनुष्य कोरड्या फडक्याने पुसून, दोरीला मेण लावून ठेवावे आणि सिलिका जेलच्या पुड्या आत टाकाव्यात, पण मुक्कामी पोहोचल्यावर पेटी उघडी टाकून वाळवणे याला पर्याय नाही.

विमानप्रवासात हवाबंद पेटीची आणखी एक अडचण येते. उंचावर सामानकक्षातला हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या तीन-चतुर्थांशापर्यंत उतरतो. तिथे पेटीतली थोडी हवा कडेने निसटली आणि विमान खाली उतरताना ती परत आत शिरू शकली नाही, तर आतबाहेरच्या दाबात मोठा फरक राहतो. हा फरक २० किलोपास्कल धरला आणि झाकण ०.४ चौरस मीटरचे धरले, तर झाकणावर सुमारे ८०० किलो वजनाइतका भार येतो व ते हाताने उघडणे अशक्य होते. म्हणून चांगल्या पेटीवर एक छोटी झडप असते, जिच्यातून हवा जाते पण पाणी जात नाही. हिंगोलीच्या खेळाडूला सर्वांत जवळचा विमानतळ नांदेडचा. धनुष्य, क्रॉसबो आणि बाण विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाहीत, ते नोंदवलेल्या सामानातच द्यावे लागतात. शिवाय अनेक कंपन्या सामानाच्या लांबी, रुंदी व उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंतच साधे सामान मानतात. ११० × ४५ × १८ ची पेटी ती मर्यादा पंधरा सेंटिमीटरने ओलांडते आणि क्रीडासाहित्य म्हणून आगाऊ नोंदवावी लागते. तपासणीसाठी पेटी उघडली जाऊ शकते, हे धरून ‘दोरी ओढू नये’ अशी ठळक चिठ्ठी धनुष्यावर बांधावी, कारण बाण न लावता कंपाउंड ओढून सोडले तर त्याचे लिंब फुटू शकतात. स्पर्धेच्या संयोजकांचे पत्र आणि खेळाडूचे ओळखपत्र झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात असावे. रेल्वेस्थानकावरच्या तपासणीतही ते उपयोगी पडते.

तयार आयात पेटी परवडत नसेल तर स्थानिक कारागिराकडून उत्तम पेटी करून घेता येते, आणि हा मार्ग कमीपणाचा मानण्याचे काहीच कारण नाही. लग्न-वरातींच्या ध्वनियंत्रणेसाठी जाड प्लायवूडचे, ॲल्युमिनियमच्या कडा आणि गोल धातूचे कोपरे लावलेले खोके सर्वत्र बनतात. तेच तंत्र इथे चालते. सहा मिलिमीटरचे प्लाय, कडांना रिबिटांनी ठोकलेली ॲल्युमिनियमची पट्टी, लांब पियानो बिजागरी, दोन कड्या आणि ५० मिलिमीटरचा पॉलिएथिलीन फोम, एवढे साहित्य पुरते. अशी पेटी प्लास्टिकच्या पेटीहून जड होते, पण फुटली तर गावातला सुतार ती दुरुस्त करू शकतो, आणि लाकूड उन्हात काळ्या प्लास्टिकइतके तापत नाही.

बाणांसाठी तर याहून सोपा उपाय शेतातच आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा ८५ सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याच्या एका तोंडाला टोपण चिकटवायचे, तळाशी जाड फोमची चकती घालायची आणि दुसऱ्या तोंडाला काढता-घालता येणारे टोपण बसवायचे, की डझनभर बाणांची नळी तयार होते. मात्र आत बाण सुटे टाकले तर ते एकमेकांवर घासतात आणि रिकर्व्हच्या बाणांमागची पातळ, वळीव पिसे चेपतात, जी एकदा दुमडली की पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. त्यासाठी फोमच्या दोन चकत्यांना बाणाच्या जाडीची बारा भोके पाडून त्या नळीत पुढे आणि मध्ये बसवाव्या, म्हणजे प्रत्येक बाण आपल्या जागी अधांतरी उभा राहतो. टोके नेहमी खाली, फोममध्ये असावीत. स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्याला तोल देणारे लांब दांडे, याच प्रकारच्या दुसऱ्या नळीत ठेवता येतात.

बारीक साहित्य मुख्य पेटीत सुटे ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. ॲलन चाव्या, पक्कड, स्टॅबिलायझरची वजने यांतली एक जरी वस्तू फोममधून निसटली, तरी ती पेटीतल्या पेटीत हातोडीचे काम करते. त्यांना स्वतंत्र, बंद होणारी डबी हवी आणि ती डबीही फोममध्ये कोरलेल्या खाचेत घट्ट बसणारी हवी. रिलीज, म्हणजे कंपाउंडची दोरी सोडण्याचे हातातले उपकरण, आणि रिकर्व्हचा बोटांवरचा चामडी टॅब या दोन वस्तू मात्र पेटीत ठेवूच नयेत. त्या खेळाडूच्या अंगावरच्या पिशवीत असाव्यात. पेटी एका गाडीने मागे राहिली तर उसने धनुष्य घेऊन खेळता येते, परंतु हाताला सवयीचा झालेला टॅब उसना मिळत नाही.

पेटी मिटण्यापूर्वी काही मापे वहीत लिहून ठेवावी लागतात: रिकर्व्हसाठी दोरी आणि रायझरच्या पकडीतले अंतर, जे ब्रेस हाइट म्हणून ओळखले जाते, व दोरीवर बाण अडकवण्याच्या खुणेची उंची, कंपाउंडसाठी दोन्ही आसांमधले अंतर आणि कॅमवरच्या खुणांची केबलशी असलेली जागा, आणि दोन्हींसाठी साइटच्या पट्टीवरचे आकडे. मुक्कामी पोहोचल्यावर पेटी सावलीत उघडावी, धनुष्य अर्धा तास तिथल्या हवेला सरावू द्यावे, मग हीच मापे त्याच क्रमाने पुन्हा घ्यावीत. फरक सापडला तर तो दुरुस्त करायला अजून वेळ हातात असतो. प्रत्येक कार्बन बाण दोन्ही हातांत धरून, फिरवत फिरवत किंचित वाकवून कानाशी न्यावा. आत तडा असेल तर बारीक करकर ऐकू येते, आणि असा बाण दोरीवर चढवला तर सुटताना त्याचे तुकडे हातात घुसू शकतात. तो तिथेच मोडून बाजूला टाकावा.